जमिनीची उपविभागणी : ठाणे व नवी मुंबईतील परिभाषा

जमिनीची उपविभागणी म्हणजे एका धारकाच्या वा अनेक सहधारकांच्या सलग जमिनीचे, स्वतंत्र हद्द, स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र नोंद असलेले भाग पाडणे. व्याख्या एवढी सोपी असली तरी ठाणे आणि नवी मुंबई परिसरात या एकाच कृतीला दोन वेगवेगळ्या कायदेशीर परंपरांतून आलेले शब्द लागू होतात. महसुलाच्या परंपरेत जमिनीचा ‘हिस्सा’ पडतो आणि नगररचनेच्या परंपरेत तिचा ‘भूखंड’ होतो. पहिली परंपरा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ वर उभी आहे, तर दुसरी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ वर. दोन्ही कायदे एकाच वर्षाचे असले तरी त्यांची उद्दिष्टे वेगळी आहेत. संहितेला जमीन कोणाकडे आहे आणि तिचा आकार, म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी, किती, हे नोंदवायचे असते. अधिनियमाला त्या जमिनीवर काय उभे राहू द्यावे, हे ठरवायचे असते. हिस्सा म्हणजेच भूखंड असे समजल्यामुळे या परिसरात आयुष्याची कमाई अडकलेली कुटुंबे थोडी नाहीत, म्हणून या शब्दांमधला फरक नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

महसुली नोंदीचा मूळ घटक म्हणजे भूमापन क्रमांक. बोलण्यात त्याला सर्व्हे नंबर म्हणतात. वारसांमधील वाटपामुळे किंवा खरेदीविक्रीमुळे त्याचे भाग पडले की हिस्सा नंबर येतो. एखाद्या दस्तात ‘सर्व्हे नंबर ४५, हिस्सा नंबर २अ’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ४५ क्रमांकाच्या मूळ शेताचे आधी हिस्से झाले आणि दुसऱ्या हिश्श्याचे पुढे पुन्हा भाग पडले, असा होतो. ज्या गावांत धारणजमिनींच्या एकत्रीकरणाची योजना अमलात आली, तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. नगररचनेतही ‘एकत्रीकरण’ हाच शब्द वापरला जातो. मात्र तेथे त्याचा अर्थ लगतचे दोन किंवा अधिक भूखंड जोडून एक करणे असा असून शेतजमिनींच्या एकत्रीकरण योजनेशी त्याचा संबंध नाही.

ठाणे शहराच्या जुन्या वस्तीत, म्हणजे नौपाडा-पाचपाखाडीसारख्या भागांत, नगर भूमापन झालेले असल्याने मिळकतीची ओळख सिटी सर्व्हे नंबराने होते आणि त्याच्याआधी ‘टिका नंबर’ लिहिला जातो. अशा ठिकाणी मालकीचा मुख्य अभिलेख म्हणजे मिळकत पत्रिका. घोडबंदर रस्त्याकडील कोलशेत, कावेसर, ओवळे, वडवली यांसारख्या गावांच्या जमिनींचे दस्त मात्र आजही सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि सातबारा उताऱ्याच्या भाषेत बोलतात. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड उतारा तो सातबारा. त्यात धारकाचे नाव, क्षेत्र, लागवडीस अयोग्य असा पोटखराबा, आकार आणि इतर हक्क दाखवलेले असतात. भोगवटादार वर्ग-१ ची जमीन धारकाला सर्वसाधारणपणे विकता येते, तर वर्ग-२ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असून त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. उपविभागणीचा विचार करताना सातबाऱ्यावरचा हा वर्ग सर्वांत आधी पाहावा.

सातबाऱ्यावर हिस्सा पडला म्हणजे जमिनीवर हद्द पडली, असे होत नाही. त्यासाठी पोटहिस्सा मोजणी लागते. भूमि अभिलेख खात्याचा भूकरमापक मूळ टिपण आणि फाळणी यांच्या आधारे जागेवर मोजणी करतो. टिपण म्हणजे मूळ भूमापनाच्या वेळी काढलेले शेताचे मापांसहित रेखाचित्र आणि फाळणी म्हणजे त्याच शेताच्या पोटहिश्श्यांचे तसेच रेखाचित्र. त्यांतील मापांवरून क्षेत्र काढण्याचे गणित गुणाकार पुस्तकात असते. मोजणीनंतर जो नकाशा मिळतो त्याला ‘क’ प्रत म्हणतात. हिश्श्यांचे क्षेत्र आणि आकार वाटून देणारा कागद म्हणजे आकारफोड पत्रक, आणि बिनशेती, संपादन किंवा रेखांकन यांमुळे मूळ क्रमांकात झालेली घट-वाढ अभिलेखात उतरवणारा कागद म्हणजे कमी-जास्त पत्रक; कचेरीत याला ‘कजाप’ असेच म्हणतात. कजाप झाल्याशिवाय रेखांकनातील प्रत्येक भूखंडाचा वेगळा सातबारा निघत नाही, आणि पुष्कळ जुन्या रेखांकनांचे घोडे नेमके येथेच अडलेले दिसते.

क्षेत्राच्या मापांतही दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. उताऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात, तर व्यवहार गुंठ्यात आणि चौरस फुटांत होतो. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा १ एकर. आर म्हणजे मात्र १०० चौरस मीटर. आर आणि गुंठा यांत जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक असल्यामुळे बोलताना ते एकच धरले जातात, पण १ एकरात हा फरक सुमारे ४७ चौरस मीटरांचा, म्हणजे एका लहान सदनिकेएवढा होतो.

नगररचनेच्या बाजूचा मध्यवर्ती शब्द रेखांकन किंवा अभिन्यास. मोठ्या जमिनीवर रस्ते, मोकळ्या जागा आणि भूखंड आखलेला हा नकाशा नियोजन प्राधिकरण मंजूर करते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना लागू आहे. रेखांकनाला प्रथम तात्पुरती मंजुरी मिळते. मग जागेवर आखणी आणि मोजणी होते, आणि मोजणीबरहुकूम नकाशाला अंतिम मंजुरी दिली जाते. तात्पुरत्या मंजुरीच्या नकाशावरचा भूखंड हा अजून प्रस्तावच असतो. जाहिरातीत ‘मंजूर ले-आऊट’ असे शब्द दिसले तर मंजुरी यांपैकी कोणती, हे विचारायलाच हवे.

०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात किमान १० टक्के क्षेत्र मनोरंजनाची मोकळी जागा म्हणून ठेवावे लागते. ती भूखंडधारकांच्या सामाईक उपयोगाची असते, आणि नंतर मूळ मालकाने तिचा वेगळा भूखंड पाडून विकणे म्हणजे आधीच विकलेल्या हक्काची पुन्हा विक्री करणे होय. सुविधा क्षेत्र निराळे. ते मोठ्या रेखांकनांत शाळा, दवाखाना, बाजार यांसारख्या सोयींसाठी राखले जाते. अंतर्गत रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीनुसार ठरते. पोहोच रस्ता म्हणजे सार्वजनिक रस्त्यापासून जमिनीपर्यंत जाण्याचा कायदेशीर मार्ग. शेतातली वर्षानुवर्षांची वहिवाट ही नियोजनाच्या दृष्टीने आपोआप पोहोच रस्ता ठरत नाही. भूखंडाच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत मोकळे सोडायचे अंतर ते सामासिक अंतर, आणि भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल ते सांगणारा आकडा म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक.

या दोन परंपरांना जोडणारा दुवा म्हणजे बिनशेती, कायद्याच्या भाषेत अकृषिक वापर. संहितेच्या कलम ४४ खाली पूर्वी प्रत्येक प्रकरणी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागे. नंतर संहितेत घातलेल्या ४२-ब, ४२-क आणि ४२-ड या कलमांनी, विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत अनुज्ञेय वापरासाठी दाखवलेल्या आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमिनींसाठी ही वाट सोपी केली. रूपांतरण कर व अकृषिक आकारणी भरून सनद, म्हणजे अकृषिक वापराचा दाखला, घेता येत असे. सनद मिळाली म्हणजे उपविभागणी मंजूर झाली असे मात्र नव्हे. सनदेने वापर बदले, भूखंड पडत नसे.

याउलट, तुकडेबंदी उपविभागणीवर मर्यादा घालते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र ठरवले जाते आणि त्याहून लहान तुकडा पाडण्यास प्रतिबंध असतो. २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे ठेवले आहे. शहराच्या कडेला राहणाऱ्या कष्टकरी माणसाची ऐपत मात्र एक-दोन गुंठ्यांचीच असते. म्हणून अनेक जण मिळून प्रमाणभूत क्षेत्राएवढी जमीन घेतात, सातबाऱ्यावर सर्वांची नावे सामाईकात लागतात आणि जागेवर चुन्याच्या रेघा मारून ज्याचा त्याचा तुकडा दाखवला जातो. अशा खरेदीदाराकडे जमिनीतला अविभक्त हिस्सा असतो, भूखंड नसतो. मंजुरीविना पडलेल्या अशा तुकड्यांवरील वस्तीला गुंठेवारी म्हणतात. तिच्या नियमितीकरणासाठी २००१ चा गुंठेवारी विकास अधिनियम आहे आणि २०२१ मधील दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू करण्यात आला.

खाडीपलीकडची, म्हणजे नवी मुंबईची, भाषा वेगळी आहे, कारण तेथील जमिनीचा इतिहास वेगळा आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय नगरविकास कंपनीकडे ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी सोपवला गेला. येथे शेताच्या बांधांनुसार भूखंड पडले नाहीत. संपादित जमिनीवर नोड (म्हणजे उपनगर), नोडमध्ये सेक्टर आणि सेक्टरमध्ये भूखंड अशी आखणी झाली. त्यामुळे वाशी किंवा नेरूळ येथील पत्ता ‘भूखंड क्रमांक, सेक्टर’ असा सांगितला जातो. हे भूखंड साधारणतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असून त्यांची विभागणी वा हस्तांतरण भाडेपट्टाकार सिडकोच्या परवानगीवर अवलंबून असते.

या आखणीत ज्यांची शेते गेली त्यांच्या संघर्षाने परिभाषेत स्वतःची भर घातली. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण परिसरातील पाच जणांनी प्राण गमावले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या १२.५ टक्के क्षेत्राएवढा विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला देण्याची ही योजना आहे. मात्र त्यातून ३.७५ टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होऊन प्रत्यक्षात ८.७५ टक्के हाती पडतात. १ हेक्टर गेलेल्या कुटुंबाला १,२५० नव्हे तर ८७५ चौरस मीटर, असा हा हिशेब आहे. इरादापत्र, सोडत, वाटपपत्र आणि मूळ लाभार्थी, विकासक व सिडको यांच्यातील त्रिपक्षीय करारनामा हे या योजनेतले नेहमीचे शब्द. गावठाणांची हद्द कुटुंबांच्या वाढीबरोबर वाढली नाही, म्हणून लगतच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घरांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हे नाव मिळाले आणि ते शासन निर्णयांतही रुळले. कोणत्याही नियमावलीतील शब्दापेक्षा हा शब्द त्या घरांचे कारण अधिक नेमके सांगतो.

नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या नैना क्षेत्रात नगररचना परियोजनांमुळे आणखी एक शब्दजोडी प्रचारात आली आहे : मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड. धारकाची जमीन परियोजनेत एकत्र केली जाते, रस्ते व सार्वजनिक सोयींचा भाग काढला जातो आणि मूळ क्षेत्राच्या ४० टक्के इतका अंतिम भूखंड त्याला परत मिळतो. तो मूळ शेताच्याच जागी असेल असे नाही. हद्दी, क्षेत्र आणि मोबदला निश्चित करण्याचे काम शासननियुक्त लवाद करतो, आणि परियोजना अंतिम झाल्यावर व्यवहारात जुन्या सर्व्हे व हिस्सा नंबरांची जागा अंतिम भूखंड क्रमांक घेतो.