४० तासांत ६०० किलोमीटर: घोडं अडतं कुठे?

ब्रेव्हे, म्हणजे बोलीभाषेतली 'बीआरएम', ही ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल-सफर. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तास मिळतात. २०० ला साडेतेरा, ३०० ला २० आणि ४०० ला २७ तास. चारही अंतरं एकाच मोसमात वेळेत संपवली की 'सुपर रँडोनूर' ही ओळख मिळते. नियम ऑडॅक्स क्लब पॅरिसियनचे. भारतात या ब्रेव्हेंचं काम ऑडॅक्स इंडिया रँडोनूर्स ही संस्था पाहते. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. मात्र जेवण, पंक्चर, झोप सगळं याच ४० तासांत बसवावं लागतं, आणि मदतीची गाडी 'कंट्रोल'शिवाय, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदणी-थांब्यांशिवाय, इतरत्र चालत नाही.

ताशी १५ किलोमीटरची सरासरी ऐकायला सोपी वाटते. तरीही मजबूत मांड्यांचे सायकलस्वार ६०० अर्धवट सोडतात. मांड्या थकण्याआधी त्यांचं पोट बिघडतं, नाहीतर झोप त्यांना गाठते. म्हणून तयारी या दोन गोष्टींची हवी.

आधी वेगाचं गणित. हवेचा रोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर सपाट रस्त्यावर, वारा नसताना ताशी २० ला साधारण ७० वॅट पुरतात. ताशी २५ ला ११० च्या आसपास लागतात आणि ३० ला १७० च्या पुढे. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला, तर तेच २० राखायला दीडशे वॅट मोजावे लागतात. अशा वेळी वेग पडू द्यावा. पावसाळ्यात पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना वारा तिरका समोरून लागतो. तिथे सरासरी वाचवायला जोर लावला तर त्याची किंमत रात्री चुकवावी लागते. वेळ वाचवायची खरी जागा म्हणजे थांबे. आठ ठिकाणी दहा-दहा मिनिटं जास्त रेंगाळलं की ८० मिनिटं गेली, म्हणजे झोपेचं एक अख्खं आवर्तन.

आता पोट. स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची राखीव साखर, साठवलेलं असतं, म्हणजे जेमतेम २००० किलोकॅलरी. चढ-उताराच्या ६०० किलोमीटरला त्याच्या पाच-सहापट ऊर्जा खर्च होते. चरबी भरपूर असते, पण ती सावकाश जळते, आणि मेंदूला तर मुख्यतः ग्लुकोजच हवं असतं. साठा संपला की 'बाँक' होतो: हातपाय थरथरतात, चिडचिड होते, साधा चढ अशक्य वाटतो. एकदा तिथे पोचल्यावर खाऊन सावरायला बराच वेळ जातो. त्यामुळे भूक लागायच्या आधी, पहिल्या तासापासूनच खायला हवं.

किती? ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं हे चांगलं लक्ष्य. आतड्यात ग्लुकोज शोषणाऱ्या वाहकांची कमाल क्षमता साधारण तेवढीच असते. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा असल्यामुळे दोन्ही मिळून ताशी ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी पोटाला सरावात सवय लावावी लागते. आपल्या साध्या साखरेत दोन्ही निम्मी-निम्मी असतात. एक लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम साखर, सपाट अर्धा चमचा मीठ आणि एक लिंबू हे पेय महागड्या पुड्यांइतकंच काम करतं. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. उकडलेला बटाटा, खजूर, चिक्की, दहीभात हे सगळं चालतं. भर दुपारी तर्रीची मिसळ आणि वडे मात्र टाळाच. तेल पोटात रेंगाळतं. त्यात उन्हात रक्त त्वचेकडे वळलेलं असतं, आतड्याचा पुरवठा आटलेला असतो, आणि मग मळमळ सुरू होते. मळमळ झालीच तर वेग कमी करा, सावलीत डोक्यावर पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटांनी गोड पेयाचे छोटे घोट घ्या.

निव्वळ पाणी ढोसत राहणंही घातक आहे. घामातून मीठ जातं, वर पाणी तहानेपेक्षा जास्त प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजणं, घड्याळाचा पट्टा आवळणं, डोकेदुखी, उलटी, गोंधळणं ही त्याची लक्षणं. अशा माणसाला 'अजून पाणी पी' म्हणू नका. त्याला दवाखान्यात न्या.

झोपेचा हिशेब आधीच कागदावर मांडावा. शनिवारी सकाळी सहाला निघालात तर मुदत रविवारी रात्री दहाची. चालता वेग २० आणि दोन तासांचे थांबे धरले, तर ३६० किलोमीटरवर रात्री दोनला पोचता येतं. तिथली मुदत पहाटे सहाची असते, म्हणजे चार तास हाताशी. अडीच तास झोपून पाचच्या आत निघालं की उरलेल्या २४० किलोमीटरला १७ तास मिळतात. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि डुलकीचा धोका सर्वाधिक. उतारावर ताशी ३० ला तीन सेकंद डोळा लागला तर सायकल २५ मीटर बेभान जाते. रस्त्यावरची पट्टी दुहेरी दिसू लागली, वाक्य अर्धवट राहू लागलं, की लगेच थांबा. कॉफी पिऊन वीस मिनिटं पडून राहणं उत्तम, कारण कॅफिनचा असर चढायला अर्धा तास लागतो. घाटाचा उतार मात्र उठल्या उठल्या घेऊ नका. डोकं पूर्ण जागं व्हायला आणखी काही मिनिटं लागतात.

सायकलीबद्दल थोडंच. टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे असावेत. ७५ किलोच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. दोन ट्यूब, पंप, पॅच, चेनची जोडकडी आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा तुकडा, जवळ हवा. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात आणि बहुतेक पंक्चर त्यांनीच होतात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवा. तो अडकेल तिथे तार आहे. ती काढली नाही तर नवी ट्यूबही थोड्याच वेळात पंक्चर होते.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणं म्हणजे मनगटापाशी अल्नार मज्जातंतू दाबला जाणं. दर दहा मिनिटांनी पकड बदला, जाड हँडलटेप लावा, सॅडलचं नाक खाली झुकलेलं असेल तर सरळ करा, कारण त्या झुकावामुळेच वजन हातांवर येतं. बधिरता काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत जाते. पण कुलपात किल्ली फिरवताना किंवा शर्टाचं बटण लावताना जोर कमी वाटला, तर पुढची ब्रेव्हे थांबवून मज्जातंतूच्या डॉक्टरांना हात दाखवा.