वर कोणी गेलंच नाही, मग उंची मोजली कोणी?

परवा भाच्याला सांगत होतो की भूतानमध्ये गांगखर पुएनसुम नावाचं शिखर आहे, 7570 मीटर उंच, आणि त्याच्या माथ्यावर आजवर कोणाचा पाय लागलेला नाही, न चढलेल्यांत जगात सगळ्यात उंच तेच. 1985-86 मध्ये टीम गेल्या अन् हात हलवत परत आल्या, मग 1994 मध्ये भूताननं 6000 मीटरच्या वरची चढाईच बंद केली, 2003 पासून तर सगळीच, कारण तिथले लोक शिखरं देवाची मानतात. पोट्टं लगेच म्हणते, "मामा, वर कोनीच नाही गेलं तं टेप कोन धरला?"

आता याचं उत्तर आपल्या हिंगणघाटातच पुरलेलं आहे, अक्षरशः. विल्यम लॅम्टन नावाच्या इंग्रजानं 1802 मध्ये मद्रासजवळ साखळीनं जवळपास 12 किलोमीटरची सरळ रेघ मोजली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत भारत मोजायला काढला, सोबत अर्ध्या टनाचं थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायची दुर्बीण. नागपूरकडे येता येता 1823 मध्ये तो हिंगणघाटला वारला, कबर अजून तिथंच आहे. काम पुढं जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं, अन् त्याच त्रिकोणांची माळ हिमालयापर्यंत पोचली.

भाच्याला हे तोंडी पटेना. मग कोनमापकाला दोरा अन् नट बांधला आणि गेलो गावातल्या पाण्याच्या टाकीकडे. टाकीचं टोक 45 अंशात दिसेपर्यंत मागं सरक म्हटलं, कारण 45 ला जेवढं अंतर तेवढीच उंची. पायथ्याशी जाताच येत नसेल तर दोन जागांहून कोन घ्यायचे आणि त्या दोन जागांमधलं अंतर मोजायचं, बाकी त्रिकोण गणितानं सुटते.

डोंगराच्या बाबतीत खरी गोची वेगळीच. 160 किलोमीटरवरून पाहिलं तर पृथ्वीच्या गोलाईमुळं शिखराचा खालचा जवळपास 2 किलोमीटर भाग झाकला जातो, तेवढं मिळवावं लागते. उलट हवेतून येताना उजेड वाकतो अन् शिखर आहे त्याहून वर दिसते, ते वजा करायचं, अन् हे वजा करणं एवढ्या अंतरावर दोन-अडीचशे मीटरच्या घरात जाते बाप्पा! मे महिन्यात दुपारी डांबरी रोडवर पाणी साचल्यासारखं दिसते ना, तोच खेळ. म्हणून तर एव्हरेस्टसाहेब रात्री दिवे पेटवून कोन घ्यायचे, दिवसाची तापलेली हवा नजर फसवते.

याच मोजणीत आकडेमोड करणाऱ्या राधानाथ सिकदार नावाच्या बंगाली गणित्यानं 1852 मध्ये असंच शंभर मैलांहून दुरून घेतलेल्या कोनांवरून पीक 15 म्हणजे आजच्या एव्हरेस्टची उंची काढली, 29,002 फूट. वर पहिला माणूस पोचला 1953 मध्ये. 2020 ची ताजी मोजणी 8848.86 मीटर, म्हणजे सिकदार चुकले फक्त 9 मीटरनं, तेही कागद-पेनावर. मला तर चढण्यापेक्षा हेच भारी वाटते.

इकडं भाचा 17 पावलं मागं सरकून ओरडला, "मामा, टाकी 17 मीटर!" पाऊल मीटरभराचं आहे का बे तुझं, म्हटलं. मग टेपनं मोजलं तर साडेअकरा भरलं. "तं साडेअकरा," तो म्हणे, "उजेडाचं किती वजा करू?"

"उजेडाचं इथं काहीच नाही. कोनमापक डोळ्याला लावलं होतं ना, जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं मिळव आधी."