जन्मनोंदणी

बालकाचा जन्म झाल्याची वस्तुस्थिती शासनाच्या कायमस्वरूपी नोंदवहीत कायद्याने विहित केलेल्या पद्धतीने नमूद करणे म्हणजे जन्मनोंदणी. या नोंदीत सामान्यतः बालकाचे नाव व लिंग, जन्माची तारीख व ठिकाण आणि मातापित्यांची नावे असतात. तिचा प्रमाणित उतारा म्हणजे जन्मदाखला. नोंद आणि दाखला यांची व्यवहारात गल्लत होते, पण नोंद झालेल्या प्रत्येक बालकाकडे दाखला असतोच असे नाही.

पूर्वी अशा नोंदी धर्मसंस्था ठेवीत. इंग्लंडमधील चर्चच्या वह्यांत १५३८ पासून बाप्तिस्मे नोंदवले जाऊ लागले. साहजिकच त्यांत जन्मापेक्षा संस्काराला महत्त्व होते. फ्रान्सने १७९२ मध्ये हे काम नागरी अधिकाऱ्यांकडे सोपवले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ७ नुसार जन्मानंतर लगेच नोंदणी होणे हा बालकाचा हक्क आहे.

या नोंदीचे पुरावामूल्य मुख्यतः तिच्या वेळेवर अवलंबून असते. जन्मानंतर लगोलग, वयाबद्दल कोणताही वाद उद्‌भवण्यापूर्वी केलेली नोंद पुढे बालविवाह किंवा बालमजुरी रोखताना, अल्पवयीन आरोपीला प्रौढांच्या न्यायालयापासून दूर ठेवताना, तसेच सैन्यात मुलांची भरती झाल्याचे सिद्ध करताना ग्राह्य धरली जाते. वर्षानुवर्षांनी केलेल्या विलंबित नोंदणीसाठी मात्र शपथपत्रे व साक्षीदार लागतात आणि तिच्याकडे संशयानेच पाहिले जाते. नोंदणीमुळे आपोआप नागरिकत्व मिळत नाही, परंतु ते जन्मस्थानावरून ठरो वा मातापित्यांवरून, दोन्हींचा आधार याच नोंदीत सापडतो. म्हणूनच निर्वासितांच्या मुलांची नोंद राहून गेल्यास ती राष्ट्रीयत्वाविना राहण्याचा धोका वाढतो.

युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांची नोंद झालेली नाही. कार्यालयाचे अंतर, शुल्क व दंड ही त्याची नेहमीची कारणे. काही देशांत पित्याच्या उपस्थितीची किंवा विवाहाच्या पुराव्याची अटही आड येते, आणि तिचा फटका बसतो तो नेमका एकट्या मातांच्या मुलांना. प्रसूती होते त्याच रुग्णालयात नोंदणीची सोय केल्यास पालकांची वेगळी खेप वाचते, मात्र घरी होणारे जन्म त्यातून निसटतात.

नोंदवही निरुपद्रवी असतेच असे नाही. १९४३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयावर डच प्रतिकारगटाने हल्ला केला, कारण तेथील कागदपत्रांच्या आधारे नाझी अधिकारी ज्यूंना हुडकून काढू शकत होते. या कारणास्तव नोंदी पाहण्याचा अधिकार मर्यादित ठेवणे आणि धर्म वा वंश यांसारखा तपशील दाखल्यावर न छापणे हाही नोंदणी कायद्याचा भाग असावा लागतो.