टोयोटाचा ई-लॉकर: १२ व्होल्ट दिले की झालं?

लँड क्रूझर ८० किंवा टॅकोमाच्या मागच्या ई-लॉकरबद्दल (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवण्यासाठी डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, बांधून ठेवणारं विजेवरचं लॉक) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: १२ व्होल्ट दिले की लॉक, काढले की मोकळा. हे ईटन कंपनीच्या ई-लॉकरला लागू पडतं. तिथे विद्युतचुंबकाची कॉइल असते, करंट असेपर्यंतच लॉक. टोयोटाच्या डिफरन्शियलवर मात्र छोटी डीसी मोटर बसवलेली असते. करंट तोडला तरी ती आहे तिथेच राहते. सोडवायला पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करावी लागते. साधा ऑन-ऑफ स्विच लावला तर टोकाला अडकलेली मोटर करंट ओढत राहते आणि जळते.

वेळेवर करंट तोडणं हे मूळ ईसीयूचं (लॉक चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटचं) काम. जुन्या गाडीतून तो मिळाला तर तोच बसवा, डोकेदुखी वाचते. नसेल तर पाच पिनांचे दोन रिले (छोट्या करंटने चालणारे स्विच) घ्या: दोन्हींच्या ८७ नंबरच्या पिनला फ्यूजमधून पॉझिटिव्ह, ८७ए ला अर्थ, ३० वरून मोटरच्या दोन तारा. एक रिले चालू केला की लॉक, दुसरा चालू केला की अनलॉक. लिमिट स्विच (मोटर टोकाला पोहोचली की करंट तोडणारे) रिलेच्या कॉइलच्या सर्किटमध्ये घाला.

लॉक झाल्याचा दिवा डिफरन्शियलवरच्या पोझिशन स्विचवरूनच (लॉक खरंच बसलं का ते सांगणारा) घ्या. रिलेवरून घेतलेला दिवा लॉकचे दात जुळले नसले तरी खुशाल पेटतो.