'मामा': एक उच्चार, अनेक नाती

लग्नघटिका जवळ आली आणि अंतरपाट धरला गेला की भटजी पुकारा करतात, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.' मामा भाचीला बोहल्यापर्यंत आणतो आणि मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मराठी मनात या दोन अक्षरांची जागा इतकी पक्की आहे की, जॉर्जियाची राजधानी असलेल्या तिबिलिसीत एखादे मूल 'मामा' अशी हाक मारते तेव्हा ती वडिलांना असते, हे प्रथम ऐकताना खरे वाटत नाही. रशिया, इटली, केनिया, चीन आणि पेरूचा डोंगराळ मुलुख येथे हाच उच्चार आईचा आहे. सिंहली भाषेत तो ऱ्हस्व केला की त्याचा अर्थ 'मी' होतो, तर कोरियन भाषेत तो राजघराण्यातील व्यक्तींच्या नावापुढे लागणारा बहुमानाचा शब्द आहे. हे सारे शब्द एकाच मुळातून फुटले असावेत असे वाटणे स्वाभाविक आहे, पण वस्तुस्थिती तशी नाही. त्यांतील काही थोडे परस्परांचे नातलग आहेत, बरेचसे स्वतंत्रपणे जन्मले आहेत, आणि काहींचा तर कुटुंबाशी मुळात संबंधच नव्हता.

याची मीमांसा भाषाशास्त्रात बरीच उशिरा झाली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आई आणि वडील यांच्यासाठीचे एकूण १,०७२ शब्द गोळा केले होते. त्यांपैकी ५३१ आईचे आणि ५४१ वडिलांचे होते. या शब्दांतील साम्य योगायोगाने पडण्याइतके किरकोळ नव्हते. मॉस्कोत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९५९ मध्ये स्टॅनफर्ड येथे या सामग्रीवर एक व्याख्यान दिले, आणि पुढच्या वर्षी ते निबंधरूपाने प्रसिद्ध झाले. म, न, ङ अशी अनुनासिक व्यंजने आईसाठीच्या ५५ टक्के शब्दांत आढळतात, तर वडिलांसाठीच्या केवळ १५ टक्के शब्दांत, हा आकडा त्यांनी पुढे ठेवला आणि त्याचे कारण बाळाच्या तोंडात शोधले. दूध पिताना बाळाचे ओठ मिटलेले असतात आणि श्वास नाकातून चालू असतो. त्या अवस्थेत गळ्यातून जो हुंकार निघू शकतो तो 'म'च्या जातीचाच असतो. पुढे दूध समोर दिसले, किंवा नुसती भूक लागली, तरी बाळ तोच हुंकार काढते, आणि ओठ उघडताच त्याला 'आ' जोडला जातो. म्हणजे सुरुवातीच्या 'मामा'चा अर्थ 'आई' असा नसून 'मला काहीतरी हवे आहे' असा असतो. तो आपल्यालाच उद्देशून आहे असे मानून ओ देते ती आई, आणि घरातली मोठी माणसे तो अर्थ पक्का करतात.

याचा पडताळा मराठी घरातही मिळतो. वरणभाताचा घास पुढे करून बाळाला 'मम्मं हवं?' असे विचारले जाते. आपल्याकडे त्या हुंकाराचा अर्थ खाण्यापाशीच थांबला आहे. जपानमध्येही तान्ह्या मुलाच्या भाषेत 'मम्मा' म्हणजे जेवणच. ओठांच्या दुसऱ्या सोप्या उच्चाराचे, म्हणजे 'पापा'चे, तेच झाले आहे. अर्ध्या युरोपात तो बापाचा शब्द असला तरी 'एक पापा दे' असे म्हणणारी मराठी आजी नातवाचा मुका मागत असते.

याकोब्सन यांच्या मांडणीचे खरे बळ अपवादांच्या बाबतीत दिसते. हुंकाराला अर्थ मोठ्यांनी दिलेला असेल, तर तो प्रत्येक समाजात आईचाच असला पाहिजे असे बंधन उरत नाही. जॉर्जियन भाषेत वडील 'मामा' आहेत आणि आई 'देदा'. ही वाटणी त्या भाषेच्या शब्दसंग्रहात खोलवर गेली आहे: धर्मगुरूला 'मामाओ' अशी हाक मारतात, पुरुष म्हणजे 'मामाकात्सी', वडिलोपार्जित मालमत्ता म्हणजे 'मामुली', तर राजधानीला 'देदाकालाकी', म्हणजे मातृनगरी, असे म्हणतात. (मराठीतील 'मामुली' हा शब्द अरबीतून आलेला आहे, त्याचा या 'मामुली'शी केवळ उच्चारापुरता संबंध.) ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील वाळवंटी प्रदेशात राहणाऱ्या मूलनिवासींच्या पिट्जांट्जाट्जारा भाषेतही 'मामा' म्हणजे वडील. जॉर्जिया ज्या भागात आहे तो कॉकेशस पर्वत आणि ऑस्ट्रेलियाचे वाळवंट यांच्या भाषांत कोणतेही नाते नाही, त्यामुळे दोन्हीकडे हे स्वतंत्रपणे घडले, हे उघड आहे.

जपानी भाषेतील उदाहरण मला यांहूनही बोलके वाटते. आज तेथे स्वतःच्या आईचा उल्लेख 'हाहा' असा करतात. हा उच्चार बाळबोलीचा मुळीच वाटत नाही, पण आजचा जपानी 'ह' हा प्राचीन 'प'पासून झाला आहे. 'प'चा ओठांनी फुंकरीसारखा उच्चारला जाणारा 'फ' झाला आणि त्याचा पुढे 'ह'. याचा एक सुंदर पुरावा १५१६ च्या सुमारास संकलित झालेल्या कोड्यांच्या एका संग्रहात आहे. कोडे असे: आईला दोनदा भेटतात, पण वडिलांना एकदाही भेटत नाहीत, ते कोण? उत्तर आहे, ओठ. वडिलांसाठीचा 'चिचि' म्हणताना ओठ एकमेकांजवळ येत नाहीत, आणि आईचा शब्द तेव्हा 'फाफा' असा उच्चारला जात असल्यामुळेच ते दोनदा जवळ येत. आजच्या 'हाहा'त ते मुळीच जवळ येत नाहीत, त्यामुळे इतिहास सांगितल्याशिवाय हे कोडे सुटत नाही. त्याच्याही मागे गेले की जपानी आई 'पापा' होती.

युरोपातील शब्दांची कथा तुलनेने सरळ आहे. संस्कृत 'मातृ', लॅटिन 'मातेर', फारसी 'मादर' आणि इंग्रजी 'मदर' हे शब्द एकाच आदिभाषेतून आलेले आहेत आणि त्यांतील पहिला 'मा' हा बहुधा बाळाच्या त्याच हुंकाराला नात्याचा प्रत्यय जोडून बनला आहे. आपला 'माय' त्याच वंशातला. लॅटिनमध्ये याशिवाय 'मामा' असा शब्द होता आणि त्याचे अर्थ दोन होते, लहान मुलांच्या तोंडी आई आणि एरवी स्तन. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये पूर्वीचे 'चतुष्पाद' हे नाव टाकून त्या प्राणिवर्गाला याच शब्दावरून 'मामालिया' हे नवे नाव दिले. मराठीतील 'सस्तन' हा पारिभाषिक शब्द त्याच कल्पनेवर घडवलेला आहे. स्पॅनिशने हे दोन अर्थ आघाताने वेगळे ठेवले: पहिल्या अक्षरावर जोर दिला की स्तन, दुसऱ्यावर दिला की आई.

पेरूतील इंका साम्राज्याच्या केचुआ भाषेत, स्पॅनिश लोक तेथे पोहोचण्याच्या आधीपासून, 'मामा' म्हणजे आई. पृथ्वी ही 'पाचामामा', म्हणजे भूमाता, आणि चंद्रदेवता ही 'मामा किल्या', म्हणजे चंद्रमाता. आपल्याकडची मुलेही चंद्राला मामाच म्हणतात, पण चांदोमामा हा आईचा भाऊ असतो. समुद्रमंथनातून लक्ष्मी आणि चंद्र दोघेही निघाले, म्हणून लक्ष्मीमातेचा भाऊ तो आपला मामा, असा त्याचा उलगडा परंपरेने केला आहे. बंगालीतही तो 'चाँदमामा' आहे आणि तेलुगूत 'चंदमामा'.

येथून भारतीय 'मामा'चा प्रश्न सुरू होतो. आईचा हुंकार आईच्या भावाकडे कसा गेला? संस्कृतातील ग्रांथिक शब्द 'मातुल' हा आहे, पण पंचतंत्रातील प्राणी एकमेकांना 'माम' म्हणून हाक मारतात. बगळा उपाशी बसलेला पाहून त्याची विचारपूस करणारा खेकडा त्याला 'माम' असेच संबोधतो. म्हणजे बोलण्यातला शब्द तेव्हाही आपल्या आजच्या शब्दाजवळचा होता. तमिळमध्ये 'मामन्' आणि 'मामा', तेलुगूत 'मामा', कन्नडमध्ये 'माव' असे शब्द आहेत, पण द्राविडी भाषांत या शब्दाचा पसारा मोठा आहे. तमिळमध्ये आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि सासरा या तिघांनाही तो एकच शब्द चालतो. जेथे मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची रीत आहे, तेथे ही तीन नाती एकाच माणसात येऊन मिळतात, मग तीन शब्दांची गरजच पडत नाही. उत्तर भारतात मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध असल्यामुळे हिंदीत मामा, फूफा आणि ससुर हे तीन वेगळे शब्द लागतात.

महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या मधोमध उभा आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेचा अभ्यास करताना हे सविस्तर दाखवले: येथे अनेक जातींत मामाची मुलगी करण्याला मान्यता आहे, पण आत्याची मुलगी करणे टाळले जाते. भाषेने या व्यवस्थेच्या खुणा जपल्या आहेत. सासऱ्यासाठी 'सासरा' हा उत्तरेकडचा शब्द मराठीत आहेच, तरीही सून त्यांना हाक मारताना 'मामंजी' म्हणत असे. अनेक घरांत आत्याच्या यजमानांना आजही 'मामा' म्हणतात, आणि असे का, हे विचारल्यास घरातील वडीलधाऱ्यांनाही कारण सांगता येत नाही. त्याहून जुनी खूण म्हणजे 'मावळण' हा शब्द. तो 'मातुलानी'पासून आला, म्हणजे त्याचा मूळ अर्थ मामाची बायको, परंतु खेड्यांतील बोलीत मावळण म्हणजे आत्या. दोन घराण्यांत मुलींची देवाणघेवाण होत असे तेव्हा वडिलांची बहीण ही आईच्या भावाला दिलेली असायची, आणि मामी व आत्या एकच असायची. ती साटेलोट्याची रीत आता मागे पडली आहे. हा शब्द मात्र तिची साक्ष देतो.

हा 'मामा' द्राविडी भाषांतून आर्य भाषांत आला की उलट, या वादात मला फारसे तथ्य वाटत नाही. जो शब्द कोणत्याही पाळण्यात पुन्हा जन्मू शकतो, त्याच्या उच्चारावरून उसनवारी सिद्ध होत नाही. भाषांचे कुळ ठरवताना अभ्यासक आई-वडिलांसाठीचे बाळबोलीतले शब्द पुरावा म्हणून धरत नाहीत, ते याच कारणाने. नातेव्यवस्थेचा आराखडा मात्र उसना घेता येतो, आणि 'मामंजी' किंवा 'मावळण' यांसारखे शब्द तो दक्षिणेशी जुळलेला असल्याचे दाखवतात. नात्यांना नावे देताना प्रत्येक समाज काय वेगळे ठेवतो हे पाहायचे तर इंग्रजीतील 'अंकल'ही पाहावा. लॅटिनमध्ये काकासाठी 'पात्रुउस' आणि मामासाठी 'आवुंकुलुस' असे दोन शब्द होते. दुसऱ्यातून 'अंकल' निघाला आणि त्याने काकाची जागाही घेतली. म्हणजे इंग्रजी मुलगा आपल्या काकाला मुळात मामाच म्हणत असतो.

कुटुंबाबाहेरच्या 'मामां'पैकी काहींचा खुलासा चटकन होतो. सिंहलीतील 'मम', म्हणजे मी, हा संस्कृत 'मम', म्हणजे माझे, याचा वारस आहे. सिंहलीत दीर्घ 'मामा' हा वेगळा शब्द असून त्याचा अर्थ आपल्यासारखाच, आईचा भाऊ. भगवद्गीतेच्या पहिल्याच श्लोकातले 'मामकाः' म्हणजे 'माझे' आणि अठराव्या अध्यायातले 'मामेकं' म्हणजे 'मला एकट्याला'. मामाशी दोन्हींचा संबंध नाही. 'मामलेदार' अरबी 'मुआमला'वरून आला. फारसीत 'मामा' म्हणजे सुईण आणि उर्दूत मोलकरीण. हे मात्र आईच्याच अर्थाचे फाटे आहेत.

कोरियन 'मामा'पाशी थोडे थांबले पाहिजे. राजा, राणी, राजमाता यांना लावला जाणारा हा शब्द तेथील लोकांनी देवीच्या रोगालाही लावला. रोग ही एक थोर पाहुणी आहे, तिला नाव घेऊन दुखवू नये, मानाने बोलावे म्हणजे ती फारसा कोप न करता निघून जाईल, अशी श्रद्धा त्यामागे होती. त्याच रोगाला तेथे 'सोन्निम', म्हणजे पाहुणा, असेही म्हणत. आपल्याकडेही या रोगाचे नाव 'देवी' हेच आहे. घरात कोणाला फोड आले की 'देवी आल्या' असे म्हणत आणि लस टोचण्याला 'देवी काढणे'. कोरिया आणि महाराष्ट्र यांच्या भाषांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी भीतीला आदराचे नाव देण्याची बुद्धी दोन्हीकडे सारखीच झाली.

नात्यातला मामा पुढे नात्याबाहेरही गेला. ढाक्यात रिक्षावाल्याला थांबवताना प्रवासी 'मामा, जाबेन?' असे विचारतो, आणि चहाच्या टपरीवरचा विक्रेताही मामाच असतो. मराठीत हवालदारमामा आहेत आणि शाळेची घंटा देणारे शिपाईमामा आहेत. शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांना मुले काका म्हणतात, पण शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये यांतील चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांसाठी एक जोडी ठरून गेली आहे. वॉर्डात सलाईनची बाटली संपत आली की रुग्णाचे नातेवाईक दाराशी येऊन 'मामा' किंवा 'मावशी' अशी हाक मारतात. काका-काकूंशी घर, शेत आणि भाऊबंदकी यांचा हिशेब असतो. जेथे कोणीतरी आपलेपणाने धावून यावे अशी अपेक्षा असते, तेथे हाकेला आलेली ही दोन्ही नाती आईच्या माहेरची आहेत.