भाजलेली माती, चुनखडी आणि सिमेंटचे नवे मानक

शुद्ध चुनखडीचे १०० किलो खडे भट्टीत पुरते भाजले, तर ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. भट्टीत कोळसा जाळा, नैसर्गिक वायू जाळा किंवा उद्या ती सौरऊर्जेवर तापवा, हे ४४ किलो काही चुकत नाहीत, कारण ते दगडातच बांधलेले असतात. सिमेंटचा मुख्य घटक म्हणजे क्लिंकर, आणि त्यात सुमारे दोन तृतीयांश चुना असतो. त्यामुळे एक टन क्लिंकर करताना निव्वळ दगडातून साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि चुनखडी व मातीचे मिश्रण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यासाठी जे इंधन जळते त्याचे उत्सर्जन त्यात वेगळे मिळवावे लागते. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्के धरला जातो. सिमेंट उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. आपले वार्षिक उत्पादन ४० कोटी टनांच्या पुढे गेले आहे, आणि घरे, पूल, पाटबंधारे, मेट्रो यांची आपली गरज पाहता ते वाढतच जाणार आहे.

या अडचणीवर सर्वांत जवळचा उपाय म्हणजे सिमेंटच्या गोणीतले क्लिंकरच कमी करणे. हा उपाय भारताला नवा नाही. औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी फ्लाय ॲश, म्हणजे उडती राख, आणि पोलाद कारखान्यांतील झोतभट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, या दोन्ही गोष्टी आपण अनेक वर्षे सिमेंटमध्ये मिसळत आलो आहोत. १९९९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून राखेच्या वापराची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली, भारतीय मानकाने पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राखेला मुभा दिली, कारखान्यांना स्वस्त कच्चा माल मिळाला, आणि आज दुकानात मिळणाऱ्या सिमेंटमध्ये पीपीसीचा वाटा फार मोठा आहे. तरीही या वाटेला मर्यादा आहे. मळी पोलादाच्या उत्पादनापुरतीच मिळते, राखेचा दर्जा केंद्रागणिक बदलतो, आणि कोळशावरची वीज जसजशी कमी होत जाईल तसतशी राखही आटत जाईल. युरोपात ही टंचाई आधीच जाणवू लागली आहे. आज उभा राहणारा सिमेंट कारखाना पुढची कित्येक दशके चालायचा असतो, त्यामुळे त्याच्या मालकाला हा प्रश्न आजच विचारात घ्यावा लागतो. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी, सिमेंट कारखाने आणि महाऔष्णिक केंद्र जसे एकमेकांच्या शेजारी आहेत, तसे सर्वत्र नसते.

मग मुबलक आणि सर्वत्र मिळेल असे काय आहे? माती आहे, पण हवी तशी, म्हणजे केओलिनाइट हे खनिज पुरेसे असलेली चिकणमाती. ही माती ७०० ते ८५० अंशांपर्यंत भाजली की तिच्या स्फटिकांत बांधलेले पाणी वाफ होऊन निघून जाते, स्फटिकांची घडी विस्कटते आणि मेटाकेओलिन नावाचा अतिशय क्रियाशील पदार्थ तयार होतो. या क्रियेत खनिजातून बाहेर पडते ती फक्त पाण्याची वाफ. कार्बन डायऑक्साइड येतो तो केवळ इंधनाचा, आणि क्लिंकरच्या मानाने तापमान जवळपास निम्मे असल्यामुळे तोही बराच कमी असतो.

भाजलेली माती चुन्याशी संयोग पावून दगडासारखी घट्ट होते, हे आपल्या गवंड्यांना शतकानुशतके ठाऊक होते. चुना आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, दगडी चाकाच्या घाणीत मळून केलेल्या मिश्रणाच्या जोरावर जुने वाडे, मंदिरे आणि पूल उभे राहिले. किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्या आजही पाहायला मिळतात. भाक्रा धरणाच्या काँक्रीटमध्येही भाजलेल्या मातीची पूड वापरली गेली होती, आणि अशा पुडीसाठी भारतीय मानकही होते. पण राख जवळजवळ फुकट मिळू लागल्यावर माती खणून, भाजून, दळून वापरण्याचा खटाटोप कोण करणार? ही वाट मागे पडली ती अशी.

ती पुन्हा खुली झाली ती काहीशा अनपेक्षित ठिकाणाहून. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर आणि अमेरिकेच्या निर्बंधांमुळे क्यूबात इंधन आणि सिमेंट यांची कायम चणचण होती. सांता क्लारा येथील विद्यापीठातले फर्नांदो मार्तिरेना कमी क्लिंकरमध्ये जास्त सिमेंट कसे करता येईल यावर काम करत होते, आणि स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात कॅरेन स्क्रिव्हेनर सिमेंटच्या सूक्ष्मरचनेचा अभ्यास करत होत्या. या दोन गटांच्या सहकार्यातून एक मिश्रण पुढे आले : क्लिंकर सुमारे ५० टक्के, भाजलेली माती ३० टक्के, न भाजलेली चुनखडी १५ टक्के आणि जिप्सम ५ टक्के. चुनखडी, भाजलेली माती आणि सिमेंट यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला एलसी३ म्हणतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ४५ टक्के सिमेंट काढून त्याजागी दोन भाग मेटाकेओलिन आणि एक भाग चुनखडी घातली, तरी सात आणि अठ्ठावीस दिवसांची मजबुती शुद्ध पोर्टलँड सिमेंटपेक्षा, म्हणजे राख वगैरे न मिसळलेल्या नेहमीच्या सिमेंटपेक्षा, सरस आली.

चुनखडीची नुसती पूड सिमेंटमध्ये भरताड म्हणून घातली जाते, हे सर्वांना माहीत होते. मग ती मजबुती कशी वाढवते? क्लिंकरवर पाणी पडले की त्यातून एक चिकट जेल तयार होते, तेच काँक्रीटला बांधून ठेवते. त्याचबरोबर विरलेला चुनाही सुटतो, पण मजबुतीच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग नसतो. मेटाकेओलिनमधील सिलिका या चुन्याला पकडून आणखी जेल तयार करते. मेटाकेओलिनमध्ये ॲल्युमिनाही भरपूर असते, आणि तिला चुना व चुनखडीतील कार्बोनेट यांची जोड मिळाली की कार्बोॲल्युमिनेट जातीचे नवे स्फटिक वाढतात आणि मिश्रणातील पोकळ्या भरून काढतात. म्हणजे भाजलेली माती सोबत असेल तर चुनखडीचा काही अंश स्वतः बांधणीच्या रसायनात उतरतो. क्लिंकर निम्म्यावर आणूनही ताकद टिकते ती या जोडीमुळे. सामान्य पोर्टलँड सिमेंटच्या तुलनेत एलसी३चे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे ३० ते ४० टक्के कमी असते.

इथवरचे काम विद्यापीठाचे. पण प्रयोगशाळेत काही किलो माती विजेच्या भट्टीत भाजणे वेगळे आणि कारखान्याच्या फिरत्या भट्टीतून ती टनावारी काढणे वेगळे. क्यूबात सिग्वानेय येथील कारखान्यात २०१३ मध्ये पहिली औद्योगिक चाचणी झाली ती याचसाठी. माती कमी भाजली तर ती निष्क्रिय राहते, जास्त भाजली तर तिच्यात पुन्हा स्फटिक तयार होतात आणि ती पुन्हा निष्क्रिय होते. मोठ्या भट्टीत हा मधला पट्टा सांभाळणे हे कारखान्यातल्या माणसांचे कौशल्य आहे. रंगाचा प्रश्नही प्रयोगशाळेत कुणाला पडला नसता. मातीत लोह असते, त्यामुळे ती भाजली की विटेसारखी तांबूस होते. आता गिऱ्हाईक सिमेंट करड्या रंगावरून ओळखते. गोणी फोडल्यावर आत तांबूस पूड निघाली तर त्यात विटांचा चुरा मिसळल्याचा संशय घेऊन ती गोणी परत येणार, हे विक्रेता जाणतो. रंगाचा मजबुतीशी संबंध नाही, हे कितीही खरे असले तरी बाजारात ते कोण ऐकणार? म्हणून भट्टीतून माती बाहेर पडताना आणि थंड होताना ऑक्सिजन कमी ठेवून लोहाचे रूप बदलण्याची आणि रंग करडा राखण्याची तंत्रे विकसित झाली. कोलंबियात आर्गोस कंपनीने २०२० मध्ये रिओक्लारो येथे भाजलेल्या मातीची स्वतंत्र उत्पादनवाहिनी सुरू केली.

भारतातील कामाची सुरुवात अशाच एका दुव्यातून झाली. स्क्रिव्हेनर यांच्या मार्गदर्शनाखाली लोझानला पीएच.डी. केलेले शशांक बिश्नोई दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. स्वित्झर्लंड सरकारच्या विकास सहकार्य संस्थेच्या निधीतून आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आणि डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्ह्ज समूहातील तारा ही संस्था यांनी काम वाटून घेतले. गुजरात आणि राजस्थानातील मातीचे नमुने तपासले गेले, सिमेंट कंपन्यांच्या मदतीने चाचणी-उत्पादन झाले, झाशी येथे या सिमेंटचे एक नमुना घर उभे राहिले, आणि दिल्लीतील स्विस दूतावासाच्या आवारातील बांधकामातही ते वापरले गेले. मद्रासमध्ये मनू संथानम, रवींद्र गेट्टू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिकाऊपणाचा अभ्यास केला. मला या साऱ्या प्रकल्पात सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. काँक्रीटमधली छिद्रे बारीक झाल्यामुळे समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड एलसी३मध्ये फार सावकाश शिरते, म्हणजे आतल्या सळया गंजण्याला उशीर लागतो. दुसऱ्या बाजूला, चुन्याचा साठा कमी असल्यामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड अशा काँक्रीटमध्ये तुलनेने लवकर शिरतो, आणि सळईभोवतीचे संरक्षण टिकवण्यासाठी काँक्रीटवर पाणी मारण्याचे दिवस आणि सळईवरचे आवरण यांत हयगय चालत नाही. भाजलेली माती पाणीही जास्त मागते, म्हणून मिश्रण सैल राखण्यासाठी योग्य रसायन वापरावे लागते. गुण आणि मर्यादा दोन्ही एकाच वेळी मोजून मांडणारा, विक्रीत हितसंबंध नसलेला कुणी तरी लागतो, आणि ते काम विद्यापीठाने करावे.

इतके होऊनही अनेक वर्षे हे सिमेंट बाजारात येऊ शकले नाही. सिमेंटवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, आणि ज्या मिश्रणाचे मानकच नाही त्यावर खूण उमटणार कशी? कंत्राटदाराने ते वापरायचे ठरवले तरी अभियंता देयकावर सही करणार नाही. विद्यापीठ, उद्योग आणि शासन हे तिन्ही घटक एकमेकांत गुंतले की नवनिर्मिती घडते, अशी मांडणी हेन्री एट्झकोविट्झ आणि लोएट लेडेसडॉर्फ यांनी १९९० च्या दशकात केली होती. त्या मांडणीत शासन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अनुदान येते, पण इथे शासनाचे सर्वांत मोलाचे काम पैशाचे नव्हते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक प्रसिद्ध केले, आणि भाजलेली माती व चुनखडी असलेल्या पोर्टलँड सिमेंटला कायदेशीर ओळख मिळाली. समितीच्या बैठका, चाचण्यांचे तक्ते, कारखान्यांचे आक्षेप आणि त्यांची उत्तरे अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रक्रियेतून ते मानक येते. त्या प्रक्रियेत प्राध्यापक, उत्पादक आणि सरकारी अधिकारी एकाच टेबलाशी बसतात, आणि विद्यापीठाने वर्षानुवर्षे जमवलेली टिकाऊपणाची आकडेवारी तिथेच कामी येते.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर पहिला प्रश्न मातीचा आहे. दख्खनच्या पठारावरची काळी कापसाची जमीन या कामाची नाही, कारण तिच्यात स्मेक्टाइट गटातील खनिजे असतात आणि ती भाजली तरी केओलिनाइटइतकी क्रियाशील होत नाहीत. केओलिनाइट असते ते कोकणात, जांभ्याच्या थराखालच्या पांढुरक्या मातीत आणि सिंधुदुर्गातील चिनी मातीच्या साठ्यांत. मात्र त्यासाठी कोकणचे सडे नव्याने खणावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. तिथली वनस्पतिसृष्टी आणि पाणी यांची किंमत सिमेंटच्या हिशेबात बसणारी नाही. एलसी३साठी सिरॅमिकच्या दर्जाची शुद्ध माती लागतच नाही, ४० टक्क्यांच्या आसपास केओलिनाइट असले तरी भागते, आणि अशी माती आधीच चालू असलेल्या खाणींच्या टाकाऊ ढिगांत पडून असते. चुनखडीचेही तसेच आहे. क्लिंकरला न चालणारी, हलक्या प्रतीची चुनखडी या मिश्रणात चालते, त्यामुळे चंद्रपूरसारख्या ठिकाणच्या खाणींचे आयुष्य वाढू शकते. कोणत्या ढिगात किती केओलिनाइट आहे, ते किती अंतरावरून आणणे परवडेल, याची जिल्हावार पाहणी इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि भूशास्त्र विभागांच्या आवाक्यातली आहे.

दुसरा प्रश्न खरेदीचा आहे. मानक झाले म्हणजे माल विकत घेतला जातो असे नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग, जलसंपदा विभाग आणि महापालिका यांची कामे दरसूचीनुसार, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाबी आणि दरांच्या यादीनुसार, चालतात, आणि कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करताना दरसूचीतल्या बाबीच उचलतो. राज्यातल्या सिमेंटचा मोठा हिस्सा याच कामांत जातो, तेव्हा या सिमेंटची बाब दरसूचीत स्पष्ट असणे आणि निविदेत त्याला मज्जाव नसणे, ही कारखानदाराला भट्टीसाठी भांडवल घालायला लावणारी सर्वांत खात्रीची गोष्ट ठरेल. क्लोराइडला दाद न देण्याचा त्याचा गुण लक्षात घेता सुरुवात किनारपट्टीवरच्या जेट्टी, छोटे पूल आणि संरक्षक भिंती यांपासून करता येईल. अशा प्रत्येक कामात काही नमुने बाजूला ठेवून त्यांतील क्लोराइडची खोली दरवर्षी जवळच्या महाविद्यालयाने मोजावी आणि ते आकडे विभागाला व उत्पादकाला खुले असावेत, अशी अट करारातच घालता येते. मोजणीचा खर्च कामाच्या किमतीच्या मानाने नगण्य असेल आणि मानकाच्या पुढच्या सुधारणेसाठी आपल्या किनाऱ्यावरची, आपल्या पावसातली आकडेवारी तयार राहील.