ऑल इंडिया कोटा आणि स्टेट कोटा: मेडिकल प्रवेशाचे दोन वेगळे हिशेब

नीटचा निकाल लागला की मुंबईतल्या घराघरांतून एकच प्रश्न येतो: एवढ्या मार्कांत केईएम मिळेल का? त्यावर आधी उलटं विचारावं लागतं, ऑल इंडियातून की स्टेटमधून? इथेच बहुतेक पालक अडखळतात. कुणाला वाटतं ऑल इंडिया कोटा म्हणजे बाहेरच्या राज्यांतल्या मुलांच्या जागा, आपला त्याच्याशी काय संबंध. कुणाला वाटतं एकीकडे फॉर्म भरला की दुसरीकडे नाव आपोआप जातं. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांची किंमत मुलांना मोजावी लागते.

परीक्षा मात्र एकच. नीट ७२० गुणांची, त्यातले निम्मे गुण जीवशास्त्राचे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, आणि तीन शास्त्र विषयांची बेरीज खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के हवी. नीटमध्ये खुल्या प्रवर्गाला ५० वा पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे, राखीवला ४० वा. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. पण नीट क्वालिफाय झाली म्हणजे रांगेत उभं राहायची मुभा मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. रांगा दोन आहेत.

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या केईएममध्ये, एमबीबीएसच्या २५० जागा आहेत. त्यांतल्या १५ टक्के, म्हणजे ३७-३८ जागा ऑल इंडिया कोट्याच्या. त्या दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, सगळे जिला एमसीसी म्हणतात, ती भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. त्या महाराष्ट्राची सीईटी सेल भरते, जिचं कार्यालय फोर्टात आहे. जेजे, सायन, नायर, कूपर, सगळीकडे हीच वाटणी. कॉलेज सरकारचं असो की महापालिकेचं, त्याने फरक पडत नाही. दोन्हीकडून आलेली मुलं एकाच वर्गात बसतात, तीच फी भरतात, डिग्रीही तीच. फरक आहे तो फक्त आत येण्याच्या अटींत, आणि तो मोठा आहे.

हे १५ टक्के आले कुठून? १९८४ साली डॉ. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मेडिकलच्या सगळ्या जागा आपापल्या राज्यातल्या रहिवाशांसाठी राखून ठेवता येणार नाहीत. काही जागा देशभरातल्या मुलांना गुणवत्तेवर खुल्या हव्यात. पुढे हे प्रमाण एमबीबीएससाठी १५ टक्क्यांवर ठरलं. म्हणून ऑल इंडिया कोट्यात डोमिसाइल, म्हणजे राज्याचा रहिवासी दाखला, कुणी विचारत नाही. बिहारचा मुलगा त्यातून केईएमला येतो, आणि भांडुपची मुलगी त्यातूनच दिल्लीच्या मौलाना आझादला जाते. भांडुपच्या मुलीला हवं तर ती ऑल इंडियातून केईएमसुद्धा मागू शकते. तिला दोन्ही रांगा मोकळ्या आहेत, फॉर्म मात्र दोन भरायचे.

स्टेट कोट्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: महाराष्ट्राचं डोमिसाइल, दहावी महाराष्ट्रातल्या शाळेतून, बारावी महाराष्ट्रातल्या कॉलेजातून. बोर्ड कुठलंही चालतं. सीबीएसई असो, आयसीएसई असो, शाळा महाराष्ट्रात हवी. तीनपैकी दोन असून भागत नाही. मला सगळ्यात जास्त कळकळीने जे सांगायचंय ते हेच, कारण यातली चूक नीटच्या वर्षी होत नाही. ती दोन वर्षं आधी होते, जेव्हा त्या १५-१६ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात स्टेट कोटा हा शब्दही नसतो.

दहावीला उत्तम मार्क पडतात आणि मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरी क्लासला पाठवायचं ठरतं. क्लासवाले सांगतात, शाळेची काळजी करू नका, इथल्याच एका शाळेत नाव घालू, रोज जायला नको. फी भरली जाते, हॉस्टेल मिळतं, सामान जातं. बारावीची मार्कशीट येते ती राजस्थानातल्या शाळेची. आणि मुलगा महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांतून बाहेर! जन्म मुंबईचा, आईवडील मुंबईचे, रेशनकार्ड मुंबईचं, तरी बाहेर. नीटला कितीही चांगले मार्क असले तरी राज्याच्या सरकारी जागेसाठी तो धरलाच जात नाही. कोटा शहरी पाठवण्याला माझा विरोध नाही. अकरावी-बारावीचा प्रवेश महाराष्ट्रात आहे ना, एवढं पाठवण्याआधी पक्कं करा. हेच उंबरगाव, वापी, सिल्वासाकडे नोकरीनिमित्त राहून मुलांना तिथल्या शाळेत घालणाऱ्यांना आणि आखातातून दहावीनंतर परतणाऱ्या कुटुंबांनाही लागू आहे.

घरात मोठं भावंड इंजिनिअरिंगला असेल तर गोंधळ आणखी वाढतो. तिथे आई किंवा वडिलांच्या डोमिसाइलवर बाहेरून बारावी केलेल्या मुलालाही महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून वाट मिळते. दादाला मिळालं, मग धाकटीला का नाही, असं पालक विचारतात. कारण मेडिकलचे नियम वेगळे आहेत. केंद्र सरकारी नोकरीत बदली होऊन महाराष्ट्रात आलेल्यांच्या मुलांना दहावीच्या अटीत सवलत आहे, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मुलांसाठीही वेगळी तरतूद आहे. पण त्या सवलती कागदावर सिद्ध कराव्या लागतात, बदलीच्या आदेशासकट. त्या वर्षाची सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, सोसायटीतल्या कुणाचं ऐकून निर्णय घेऊ नका.

आता आरक्षण. इथे दोन्ही कोट्यांच्या याद्याच वेगळ्या आहेत. ऑल इंडियात अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती साडेसात, ओबीसी २७, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) १०. यातलं ओबीसी आणि ईडब्ल्यूएस २०२१ पासून लागू झालं. राज्यात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त आणि भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, ओबीसी १९, शिवाय एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) १० आणि ईडब्ल्यूएस १०. धनगर समाजातली मुलगी राज्यात एनटी-सी, वंजारी मुलगा एनटी-डी. केंद्राच्या यादीत विमुक्त-भटक्या असा वेगळा रकानाच नाही, तिथे दोघंही ओबीसी. मराठा विद्यार्थी राज्यात एसईबीसी, केंद्रात तो प्रवर्ग नाही म्हणून खुला, आणि केंद्राच्या निकषांत बसत असेल तर ईडब्ल्यूएस. काही जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत पण केंद्राच्या नाहीत, त्या मुलांना नीटच्या फॉर्मवर खुला प्रवर्गच लिहावा लागतो. नीटचा फॉर्म भरताना केंद्राची यादी उघडून आपली जात शोधा, मगच प्रवर्ग टाका.

याद्या दोन म्हणजे दाखलेही दोन. केंद्रासाठी ओबीसी नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं तिथे चालत नाही. राज्यासाठी राज्याचं नॉन-क्रिमीलेअर, आणि त्यावर जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. व्हॅलिडिटी ही महाराष्ट्राची अट आहे आणि सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. जातीचा दाखला वाडवडील जिथे राहत होते तिथल्या प्रांत कार्यालयातून निघतो आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते. म्हणजे लालबागमध्ये तीन पिढ्या काढलेल्या घरालाही चिपळूणला किंवा पाटणला जावं लागतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये असतो. गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टरचा उतारा घ्यायचा, आजोबांच्या नावात आणि वडिलांच्या दाखल्यातल्या नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करायचं, मग कॉलेजच्या पत्रासह समितीकडे अर्ज. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत हे काम काढलं तर निवांत होतं. निकाल लागल्यावर काढलं तर राखीव जागेवरचा हक्क असूनही मूल खुल्या यादीत ढकललं जातं, आणि ते बघवत नाही.

मुलींसाठी एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीतच नसते. राज्याच्या कोट्यात सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत प्रत्येक प्रवर्गात ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. ऑल इंडिया कोट्यात असं काही नाही. उलट, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ७०:३० चा हिशेब असतो, म्हणजे मराठवाड्याच्या मुलाला मुंबईत जागा कमी आणि मुंबईच्या मुलाला लातुरात कमी. ती पद्धत २०२० मध्ये बंद झाली. आता सगळा महाराष्ट्र एका यादीत. मुंबईच्या पत्त्याला कसलंही जादा वजन नाही.

कटऑफ बघतानाही गल्लत होते. नीटच्या गुणपत्रिकेवर येतो तो देशाचा क्रमांक. सीईटी सेल नोंदणी केलेल्या मुलांची वेगळी गुणवत्ता यादी काढते, तिच्यावर राज्याचा क्रमांक असतो. एमसीसीच्या यादीत केईएमसमोर दिसणारा शेवटचा क्रमांक बघून स्टेट कोट्याचा अंदाज बांधू नका. स्टेटचा अंदाज सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या याद्यांवरूनच बांधायचा, तोही आपल्या प्रवर्गाचा.

आणि एक १५ टक्के अजून आहेत, ज्यांनी हा सगळा गुंता वाढवलाय. खासगी कॉलेजांतही ८५ आणि १५ अशी वाटणी असते, पण ते १५ टक्के ऑल इंडिया कोट्याचे नव्हेत. तो संस्थेचा कोटा, एनआरआय धरून. तो सीईटी सेलच्या मार्फतच भरतात, फी नेहमीच्या फीच्या कित्येक पट असते, आणि बाहेरच्या राज्यांतली मुलंही त्यात येऊ शकतात. एमसीसी या खासगी कॉलेजांकडे बघतच नाही. अभिमत, म्हणजे डीम्ड, विद्यापीठं मात्र पूर्णच्या पूर्ण एमसीसीकडे. नेरुळमध्येच बघा: तेरणा मेडिकल कॉलेज हवं असेल तर सीईटी सेलचा फॉर्म, डी. वाय. पाटील हवं असेल तर एमसीसीचा. स्टेशन एकच, फॉर्म दोन. अभिमत विद्यापीठासाठी एमसीसीकडे नोंदणी फी ५,००० आणि अनामत २ लाख रुपये भरावी लागते. नुसत्या ऑल इंडिया कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला फी १,००० आणि अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना दोन्ही निम्मे. अभिमतची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. ती झेपणार नसेल तर २ लाख अडकवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

दोन्ही फॉर्म भरले की फेऱ्या जवळजवळ एकाच वेळी चालतात. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेली सोडली तर अनामत जाते. तिसऱ्या फेरीत जागा घेतली की पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही, ना केंद्रात ना राज्यात. स्ट्रे, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या वर्षी नीटलाही बसता येत नाही. २०२१-२२ पूर्वी ऑल इंडियाच्या उरलेल्या जागा राज्याकडे परत यायच्या, आता येत नाहीत, शेवटपर्यंत एमसीसीच भरते. त्यामुळे जुन्या वर्षांचा अनुभव सांगणाऱ्यांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

समजा, राज्याच्या पहिल्या फेरीत नायर मिळालं. तिथे प्रवेश घेतला, ओरिजिनल कागद जमा झाले. कॉलेजात स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म पुढे येतो. तो भरला की ही जागा कायम आणि राज्याच्या पुढच्या फेऱ्या बंद. वरचं कॉलेज हवं असेल तर तो भरायचा नाही. मग एमसीसीच्या दुसऱ्या फेरीत केईएम लागलं, तर नायरची जागा मुदतीत रद्द करून कागद परत घ्यायचे आणि एमसीसीने दिलेल्या तारखेच्या आत परळला हजर व्हायचं. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, दोन्ही याद्या एकमेकांशी ताडून बघितल्या जातात. यात शनिवार-रविवार येतो, सुट्टी येते, ऑफिस दुपारी बंद होतं. म्हणून नायरला कागद देण्याआधीच प्रत्येक कागदाच्या सात-आठ साक्षांकित प्रती काढून ठेवा, आणि दोन्ही वेळापत्रकं एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावा.